कबरीला बुरूज

कबर बांधायचं काम सुवार्ता रणभिसेच्या गळ्यात पडलं ते तिच्या अक्षरामुळे. एखाद्या बाईचं अक्षर चांगलं आहे असं चर्चच्या मंडळीत एकदा कळलं, की त्या बाईची सुटका नाही. आधी तिला फळ्यावर रविवारचं वचन लिहायला देतात, मग वार्षिक अहवाल, मग नाताळचा बॅनर. आणि मग एक दिवस पंचकमिटीची सभा संपता संपता सेक्रेटरी शलमोन मास्तर चष्मा पुसत म्हणतात, की यंदा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत मुलांचा देखावा करावा, रिकामी कबर करावी, आणि ते काम सुवार्ताबाईंकडे द्यावं, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. कबरीवर कुठं काही लिहायचं असतं, निदान त्या कबरीवर तरी काही लिहिलेलं नव्हतं, हे तिला घरी पोचून कुकर लावल्यावर सुचलं.

सुवार्ता मानसशास्त्रात एम.ए. होती. त्यामुळे साध्या आयांना जेवढी काळजी वाटते तेवढी तिला वाटायचीच, शिवाय त्या काळजीला पुस्तकात काय म्हणतात तेही ठाऊक असायचं. तिचा नवरा संदेश शिरवळच्या एका कारखान्यात होता. सकाळी सहाच्या बसने जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. (यांची लग्नपत्रिका छापणाऱ्याने ‘सुवार्ता आणि संदेश’ वाचून हे लग्न आहे की मासिकाचा अंक, असं विचारलं होतं.) कुठल्याही संकटावर संदेशचं एकच उत्तर असे, “होईल गं.” आणि ते व्हायचंही, कारण तो शिरवळला असताना सुवार्ता ते करत असायची.

पण कबरीला ती नाही म्हणाली नाही, याचं खरं कारण अक्षर नव्हतं. कारण होतं योएल, तिचा सहा वर्षांचा मुलगा.

योएल खोटं बोलत नसे. आईला यात अभिमान वाटायला हवा, आणि तिला वाटायचाही, नाताळपर्यंत. नाताळच्या नाटुकल्यात तो मेंढपाळ होता. गव्हाणीसमोर गुडघे टेकून ‘तारणारा जन्मला आहे’ एवढं एकच वाक्य त्याला म्हणायचं होतं. तो गेला, त्याने वाकून गव्हाणीत पाहिलं, आणि माईक धरून भरल्या देवळाला सांगितलं, “ही बाहुली आहे. पिंकीची आहे. हिचा एक पाय निघतो.” देऊळ हसलं. पाळकसाहेबसुद्धा हसले. शलमोन मास्तर मात्र हसले नाहीत. उपासना संपल्यावर ‘सलाम’ करताना ते हळूच म्हणाले, की पाठांतर घरी करून घेत चला. ते तिने गिळलं असतं. पण योएलने ते हसणं घरी नेलं. रविवार उजाडला की त्याच्या पोटात दुखायला लागे, आणि सोमवारी शाळेच्या वेळेला आपोआप थांबे. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. दोन महिने मुलगा रविवारच्या शाळेत गेला नाही. शेवटी ती शलमोन मास्तरांकडे गेली आणि म्हणाली की मी कबर करते, पण देवदूत योएल होईल. मास्तरांनी विचार केला आणि एका अटीवर होकार दिला: एक वाक्य, त्यात एक शब्द जास्त नको. पुन्हा काही झालं तर मग मूल मोठं होईस्तोवर त्याला बाकावर बसूनच सणाचा आनंद घेऊ द्या.

वाक्य होतं, ‘तो इथे नाही, तो उठला आहे.’ आणि एवढ्या वाक्यासाठी सुवार्ता कबर बांधायला निघाली.

कबर कशी बांधतात हे सांगायला सगळे तयार होते. मिरजेहून आईचा फोन आला, की आमच्याकडे पुठ्ठ्याची करतात, वर खडूने रेघा मारल्या की दगड दिसतो. महिला मंडळातल्या एकीने थर्मोकोल सुचवला, दुसरीने थर्मोकोलवर बंदी असल्याचं सुचवलं. तिसरीचं म्हणणं होतं की मांडववाल्याकडे काळं कापड असतं, ते टाका, पहाटे अंधारच असतो, कोण बघतंय. सुवार्ता हे सगळं गॅलरीत उभी राहून फोनवर ऐकत होती, आणि शेजारच्या गॅलरीत सुभेदार मानसिंग हे सगळं न ऐकल्यासारखं ऐकत होते.

मानसिंगकाका फौजेतून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण फौज त्यांच्यातून अजून निवृत्त झाली नव्हती. दिवाळीत कॉलनीतल्या पोरांचा किल्ला त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा आणि त्याला दरवर्षी बक्षीस मिळायचं. दिवाळी संपली की पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांच्या हाताला काम नसे. तिने फोन ठेवताच ते म्हणाले, “सूनबाई, पुठ्ठा-बिठ्ठा काही नाही. कबर म्हणजे काय, खडकातली गुहाच ना? गुहा आली म्हणजे डोंगर आला. डोंगर आपला विषय आहे.”

तिने मोठ्या अदबीने सांगितलं, की अहो काका, हा आमचा सण आहे, तुम्हाला कशाला त्रास. त्यावर काका म्हणाले की सण तुमचा असेल, चिखल माझा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या आवारात विटा, बांबू, गोणपाटं आणि तांबड्या मातीच्या सहा पाट्या येऊन पडल्या.

मध्ये पोलीस ठाण्याचं निघालं. पहाटेच्या उपासनेला ध्वनिक्षेपक लागतो आणि त्याला परवानगी लागते. अर्ज अर्थातच सुवार्ताने लिहिला, अक्षर. ठाण्यातल्या हवालदारांनी तो वाचला, मान डोलावली, अक्षराचं कौतुक केलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. कार्यक्रमाच्या स्वरूपात लिहिलं होतं, ‘कबरीचा देखावा’.

“कुणाची कबर?”

तिने सांगितलं. मग म्हणाली की ती रिकामी असते.

“रिकामी आहे तर बांधताय कशाला?”

या प्रश्नाला तिच्या धर्मात दोन हजार वर्षं उत्तर दिलं जात होतं, पण काउंटरवर उभं राहून देता येईल एवढं लहान उत्तर तिला आठवेना. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं की मॅडम, आपल्या साताऱ्यात कबर हा शब्द अर्जात आला की अर्ज आपोआप वरच्या टेबलावर जातो, आणि वरचं टेबल बंदोबस्ताला गेलंय, ते अंबाबाईच्या यात्रेनंतर येईल. तुमचा सण कधी आहे? रविवारी? मग अवघड आहे.

सोबत आलेले मानसिंगकाका एवढा वेळ ताठ उभे होते. ते पुढे वाकले आणि त्यांनी अर्जातला एक शब्द आपल्या पेनने खोडून वर दुसरा लिहिला. हवालदाराने वाचलं, “किल्ल्याचा देखावा.” त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद उमटला. किल्ल्याला या जिल्ह्यात कोण नाही म्हणणार? शिक्का बसला. ध्वनिक्षेपक पहाटे सहानंतर, आवाज बेताचा.

ठाण्याबाहेर येताच सुवार्ता म्हणाली की काका, हे खोटं झालं. तिला योएल आठवला. पोरगा सोबत नव्हता म्हणून बरं. काकांनाही ते टोचलं असावं, कारण नाक्यापाशी आल्यावर ते म्हणाले, “कागदावर किल्ला आहे ना, मग जागेवरही थोडासा दिसला पाहिजे. म्हणजे खोटं नाही.”

अशा रीतीने कबरीला बुरूज आला.

एकच बुरूज, आणि तोही मागच्या अंगाला, असं ठरलं होतं. पण बुरुजाला तट लागतो, आणि तट उघडा वाईट दिसतो म्हणून त्यावर काकांनी मोहरी आणि हळीव पेरलं. दोन दिवसांत कबरीला हिरवी लव फुटली. शलमोन मास्तर संध्याकाळी पाहणीला आले, कबरीभोवती एक फेरी मारून समोर थांबले आणि म्हणाले, “सुवार्ताबाई, हे प्रतापगडासारखं दिसतंय.” ती म्हणाली की शुभवर्तमानात ती कबर बागेत होती असंच लिहिलंय मास्तर. मास्तरांनी मनातल्या मनात अध्याय तपासला. बाग होती. ते माघारी गेले. परवानगीचं पत्र त्यांनी मागितलं तेव्हा तिने ते घरी राहिलंय असं सांगितलं, आणि ते खरोखरच घरी होतं, कारण तिने ते मुद्दाम घरी ठेवलं होतं.

मानसिंगकाकांना शुभवर्तमानात एकदम रस उत्पन्न झाला तो पहारेकऱ्यांमुळे. कबरीवर पहारा होता हे कळताच त्यांनी चौकशी आरंभली. किती जवान? ड्यूटी किती तासांची? बदली कधी? सुवार्ताने पुस्तक काढून वाचून दाखवलं, की पहारेकरी भीतीने मेल्यासारखे पडले, आणि मग त्यांना पैसे देऊन पढवण्यात आलं की आम्ही झोपलो होतो असं सांगा. काकांना हे सहन झालं नाही. ड्यूटीवर झोपलो असं जवान स्वतः सांगतो? वर लाच घेऊन? ते चिखलाच्या हातांनी उभे राहिले आणि म्हणाले की त्या जागी मी पहाऱ्यावर असतो तर कुणाची माय व्यालीय तो दगड हलवायला.  मग काकांच्याच लक्षात आलं की तसं झालं असतं तर ईस्टरच झाला नसता, आणि त्यांनी घाईघाईने बुरुजाला लेप द्यायला घेतला.

दगडाची वेगळी कथा. दगड गोल हवा आणि लोटता यायला हवा. वीज मंडळाच्या केबलचं मोठं लाकडी रीळ असतं, त्याची एक चकती काकांनी कुठून तरी मिळवली. तिला सिमेंटचा रंग दिला आणि बुधवारी तालीम ठरली. पहाटे कबरीकडे आलेल्या तीन मरिया झालेल्या मुलींनी ‘आपल्यासाठी दगड कोण लोटील’ असं म्हणायचं आणि दगड आपोआप बाजूला झालेला दिसायचा. तो खरंच आपोआप झाला. देवळाचं आवार फाटकाकडे उतरतं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दगड कबरीवरून सुटला, तीन मरियांच्या मधून गेला, तुळशीच्या कट्ट्याएवढ्या गुलाबाच्या आळ्याला वळसा घालून फाटकातून बाहेर पडला आणि बयाबाईच्या मेथीच्या जुड्यांवर आडवा झाला.

बयाबाई फाटकाशी भाजी विकायची. मूळची माणदेशातली, मेंढरांमागं वाढलेली. तिने दगड पाहिला, मग चढावरून धावत येणारी सुवार्ता पाहिली. “ताई, तुमच्या द्येवाचा दगुड हाय का ह्यो?” सुवार्ता म्हणाली हो. “मग न्हाई रागावत. पर मेथी सपाट झाली बगा.” त्या दिवशी रणभिसेंच्या घरी मेथीची भाजी झाली, दुसऱ्या दिवशी मेथीचे ठेपले झाले, आणि तिसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, उपास होता म्हणून सुटका झाली. दगडाखाली वीट लावण्यात आली.

या सगळ्या गदारोळात सुवार्ताने एक गोष्ट मात्र अगदी शांत डोक्याने, शिकलेल्या बाईने करावी तशी केली. तिने ओळखलं होतं की योएलला पाठांतर जड नाही, खोटं जड आहे. बाहुलीला तारणारा म्हणायला लावलं म्हणून तो अडला. मग यंदा त्याला जे म्हणायचं आहे ते खरं असलं की झालं. कबर रिकामी आहे, तर ती त्याला दाखवायची. म्हणून गुरुवारच्या तालमीला तिने सगळं वचनाबरहुकूम मांडलं. सासूबाईंची जुनी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली पांढरी चादर नीट घडी करून आत ठेवली. ही त्याची वस्त्रं, तो नाही. योएलने गुडघ्यांवर बसून आत डोकं घातलं. चारी कोपरे पाहिले. चादर उचलून खाली पाहिलं. बाहेर आला आणि म्हणाला, “खरंच कुणी नाहीये.” मग उभा राहून त्याने ते वाक्य असं खणखणीत म्हटलं की फाटकाशी बयाबाईनेही वळून पाहिलं.

सुवार्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण घेतलेल्या शिक्षणाचा घरात प्रथमच उपयोग झाला असं तिला वाटलं. चिखल आतून ओला होता, वाळावा म्हणून तिने दगड अर्धवट उघडा ठेवला. चादर रविवारसाठी तिथेच राहू दिली. आता पुन्हा कशाला मांडामांड.

शुक्रवारी बारा ते तीन उपासना होती. कबरीकडे कुणी फिरकलं नाही. शनिवारी संध्याकाळी ती योएलला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला, रुथीला घेऊन झाडलोट करायला गेली, केरसुणी कबरीच्या तोंडाशी नेली, आणि आतून गुरगुर ऐकू आली.

चिमी ही आवारातली कुत्री. करड्या रंगाची, आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेला महिनाभर ती जाड होत चालली होती आणि सगळ्यांनी त्याचा दोष ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात उरलेल्या भाकऱ्यांना दिला होता. आता ती सासूबाईंच्या चादरीवर पसरली होती, आणि तिच्या पोटाशी काहीतरी वळवळत होतं. योएल दगडाच्या फटीतून बघत मोजत होता. पाच. मग थोड्या वेळाने म्हणाला, सहा.

पंचकमिटी अर्ध्या तासात जमली. एरवी तिला गणपूर्तीसाठी दोन रविवार लागतात. मानसिंगकाका कमिटीचे सदस्य नव्हते पण बांधकामाचे प्रमुख म्हणून हजर होते. नगरपालिकेला फोन केला तर शनिवार, कार्यालय बंद, सोमवारी तक्रार नोंदवा. एका पंचाने भाकरी दाखवून बाहेर काढावं असं सुचवलं. चिमीने भाकरी आत ओढून घेतली आणि बाहेर आली नाही. काकांनी ओल्या गोणपाटाचा धूर करावा असं म्हणताच फाटकाशी पाटी आवरत असलेली बयाबाई आत आली.

“आवं सुभेदार, बाळंतीण हाय ती. बाळंतिणीला शेक द्यायचा असतोय, धूर न्हाई. तुमी लडाईत बी असंच करत हुता व्हय?” काकांनी मान खाली घातली. बयाबाईने वाकून आत पाहिलं आणि निकाल दिला, की आज हलवाल तर ती चावंल, आनि पिल्लं टाकून जाईल त्ये येगळंच. चार दिस हात लावू नगा.

शलमोन मास्तर कबरीसमोर उभे होते. ते रागावले नव्हते, हे सुवार्ताला जास्त लागलं. ते खरोखर दुःखी झाले होते. ते म्हणाले की बाई, आपला सगळा विश्वास त्या कबरीच्या रिकामेपणावर उभा आहे. बाकी काही कमी-जास्त चालेल, बुरूजही मी चालवून घेतला, पण ती रिकामी हवी. ते बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की दगड पूर्ण लावावा, श्वासापुरती फट ठेवावी, आत काय आहे ते लोकांना दिसायला नको. देवदूताने बंद दगडासमोर उभं राहून वाक्य म्हणावं आणि बाजूला व्हावं.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सुवार्ताने तेवढा सोडला नाही. तिने योएलकडे पाहिलं. तो गुलाबाच्या आळ्याच्या काठावर बसून हे सगळं ऐकत होता.

घरी तिने प्रयत्न केला नाही असं नाही. जेवताना तिने त्याला प्रतीक म्हणजे काय ते समजावलं. झेंडा म्हणजे नुसतं कापड नसतं, तसं. योएलने मन लावून ऐकलं.

“म्हणजे कबर खरी रिकामी नाही, पण रिकामी आहे असं म्हणायचं?”

“तसं नाही रे. ती तेव्हा रिकामी होती.”

“पण मी तर उद्या म्हणणार आहे ना?”

एम.ए.ला हा प्रश्न आला नव्हता. ती म्हणाली की तुला नको असेल तर नको म्हणूस बाळा, आपण पिंकीला देवदूत करू. तिला हे म्हणताना बरं वाटलं नाही, कारण मग पुन्हा पोटदुखी, पुन्हा ओवा, आणि बाकावर बसून पाहिलेले पुढचे कितीतरी सण. योएल बराच वेळ वरण-भात कालवत राहिला. मग त्याने विचारलं की चिमीला पाणी कोण ठेवणार. संदेश म्हणाला मी ठेवून येतो, आणि जाताना दारातून बायकोला म्हणाला, “होईल गं.” त्या दिवशी पहिल्यांदाच तिला ते दोन शब्द फेकून मारावेसे वाटले.

पहाटे साडेपाचला आवार भरलं. कोऱ्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, हातांत मेणबत्त्या, पेंगुळलेली लेकरं. कबरीशेजारी मानसिंगकाका उभे होते. ब्लेझर, त्यावर पदकं, पायांत पॉलिश केलेले बूट. लोकांनी वाकून बघू नये, चिमी बिथरू नये म्हणून ते चार वाजल्यापासून तिथे होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नुसत्या नजरेने दहा पावलं मागे ठेवत होते. दोन हजार वर्षांत त्या कबरीला प्रथमच न झोपणारा पहारेकरी मिळाला होता.

गाणी झाली, प्रार्थना झाली. सहा वाजले, माईक सुरू झाला. अजिंक्यताऱ्याच्या मागून उजेड वर सरकू लागला. तीन मरिया आल्या, त्यांनी दगड कोण लोटील असं एकमेकींना विचारलं, आणि दगड, आदल्या संध्याकाळी ठरला होता तसा, बंदच राहिला. पुठ्ठ्याचे पंख लावलेला योएल पुढे आला.

सुवार्ता दुसऱ्या रांगेत होती. रुथी तिच्या मांडीवर झोपली होती. योएल माईकपाशी गेला आणि थांबला. त्याने लोकांकडे पाहिलं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. मागे कुठेतरी कुणीतरी नाताळ आठवून खुदकन हसलं, आणि ते त्याला ऐकू गेलेलं तिला दिसलं. त्याचे कान लाल झाले. सुवार्ता ओठांनी वाक्य म्हणायला लागली, मग थांबली, कारण तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडे बघतच नव्हता.

तो वळला. माईक सोडून कबरीकडे गेला. मानसिंगकाका वाटेत होते. योएलने त्यांच्याकडे वर पाहिलं, आणि काका, ज्यांना हलवायला कुणाची माय व्याली नव्हती, एक पाऊल बाजूला झाले. मग स्वतःच वाकून त्यांनी दगड हळूहळू, आवाज न करता, बाजूला लोटला. योएलने गुडघे टेकले आणि आत डोकं घातलं. नुसते पंख बाहेर राहिले. शलमोन मास्तर बाकावरून अर्धे उठले. सुवार्ताला आपल्या काळजीचं पुस्तकातलं नाव आठवेना.

योएल उठला, माईकपाशी आला आणि त्याने आधी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” तो म्हणाला. “तो इथे नाही. तो उठला आहे.” क्षणभर थांबून त्याने जे उरलं होतं तेही सांगून टाकलं. “इथे आता चिमी राहते. तिची पिल्लं आत्ताच झोपलीत.”

कुणी हसलं नाही. आता पाळकसाहेबांनी ‘प्रभू उठला आहे’ अशी आरोळी द्यायची, मंडळीने ‘खरोखर उठला आहे’ असा गजर करायचा, आणि घंटा वाजवायची, अशी रीत होती. घंटेच्या दोरीवर माणूस हात घालून उभा होता. पाळकसाहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांनी योएलकडे पाहिलं, माईक बंद केला, आणि कुणाच्या तरी कानात सांगावं तसं म्हणाले, “प्रभू उठला आहे.”

आणि दोनशे माणसं कुजबुजली, “खरोखर उठला आहे.”

सुवार्ताने आयुष्यात तीस ईस्टर पाहिले होते. ते वाक्य तिने दरवर्षी ओरडून म्हटलं होतं. हे कुणाला ऐकवायचं वाक्य नाही, कुणाला जाग येऊ नये इतक्या जवळ घडलेली गोष्ट आहे, असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. तिच्या तोंडून मात्र नेमका हुंदका निघाला, आणि दोनशे माणसांत तोच काय तो मोठा आवाज झाला. रुथी जागी झाली.

गाणंही हळूच म्हटलं गेलं. पेटीवाल्याने भाता अर्धाच ओढला.

उपासना संपली, लोक चहाकडे वळले, आणि शलमोन मास्तर सुवार्ताकडे आले. ती उभी राहिली. सलाम झाला.

“दोन वाक्यं जास्त बोलला,” मास्तर म्हणाले.

“हो मास्तर.”

मास्तर आणखी काही बोलणार होते, पण ते वळून कबरीपाशी गेले, जिथे योएल पंखांसकट उकिडवा बसला होता. त्यांनी विचारलं की किती आहेत. योएल म्हणाला सहा. मास्तर म्हणाले बरं. एवढ्यावर ते संपलं असतं, पण योएलला वाटलं की मास्तरांना सगळं सांगायला हवं.

“एकाच्या भुवया अगदी तुमच्यासारख्या आहेत.”

शलमोन मास्तरांच्या भुवया दाट, पांढऱ्या आणि कपाळावर उभ्या राहणाऱ्या होत्या, आणि चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर त्यांचा उल्लेख करण्याची कुणाची छाती झाली नव्हती. सुवार्ताने डोळे मिटून घेतले. चहाचे कप वाजायचे थांबले. तिने डोळे उघडले तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, पांढऱ्या पॅंटच्या इस्त्रीची पर्वा न करता गुडघे मातीत टेकले होते, आणि कबरीत डोकं घातलं होतं. ते बराच वेळ तसेच होते. आतून चिमी गुरगुरली नाही.

“आहेत खऱ्या,” आतून मास्तरांचा आवाज आला, अगदी हळू.